देवीला सांगितलेला पत्ता

हायवेई, २० मार्च २००१

प्रिय मेइयिन,

तुझं पत्र येऊन किती दिवस झाले आणि मी उत्तराला आत्ता बसतोय. रागावू नकोस, आधी कारण ऐक. गावातली टपालपेटी होंगांच्या ओट्यासमोर आहे आणि ओट्यावर चिनफा बसलेला असतो. मी पत्र टाकायला गेलो की तो विचारणार, "काका, कुणाला?" मी खोटं बोललो की माझे कान लाल होतात, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. फोन माझ्याच दुकानात आहे, पण मला नीट ऐकू येत नाही म्हणून मी ओरडतो, आणि मग अख्ख्या गावाला ऐकू जातं. शेवटी हे पत्र सायकलवरून शेजारच्या गावी नेऊन टाकतो आहे.

चिउलान आणि तिची पोर तुझ्याकडे पोचल्या हे वाचलं तेव्हा मी दुकानाचं दार लावून घेतलं आणि थोडा वेळ साबणाच्या खोक्यावर बसून राहिलो.

तू विचारलंस, तिला घराबाहेर काढलं कसं. मी काही केलं नाही, केलं ते कालवांच्या शेडमधल्या बायकांनी. चिनफा चिउलानला, स्वतःच्या बायकोला, दोनच ठिकाणी जाऊ द्यायचा, शेडमध्ये कालवं फोडायला आणि संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीपर्यंत. शेडमध्ये ती काही दिवस डाव्या हातानं सुरी धरत होती. कुणी काही विचारलं नाही. आमान तिच्या शेजारी बसते, तिनं फक्त स्वतःच्या बादलीतली फोडलेली कालवं ओंजळीनं तिच्या बादलीत टाकायला सुरुवात केली, म्हणजे माप कमी भरायला नको आणि घरी त्यावरून काही व्हायला नको. मग एक दिवस मान वर न करताच म्हणाली, "कपडे कचऱ्याच्याच पिशवीत भर. जड करू नकोस."

संध्याकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. सगळ्या बायका पिशव्या घेऊन बाहेर. चिनफा दारात सिगरेट ओढत उभा. तेवढ्यात आमान आणि तिची जाऊ भांडायला लागल्या.

"माझ्या उंबऱ्यावर शिंपल्यांचं घाण पाणी कोण ओततं गं?"

"तुझ्या उंबऱ्याला काय सोनं लागलंय? वास तर तुझ्या तोंडाचा येतो!"

अगं, असं भांडल्या की मलाही खरंच वाटलं. चिनफा हसत बघत राहिला. गाडीवाल्यालाही आमाननं आधी सांगून ठेवलं असणार, कारण तो गाडी हलवीचना. गाडीच्या आडोशाला माझी तीनचाकी उभी होती. पोर आधीच माझ्या दुकानात गोळ्या घ्यायला आलेली. चिउलान मागं चढली, पोरीला दुकानातून घेतलं, आणि बसच्या थांब्यापर्यंत मी फक्त पायडल मारलं. तेवढंच माझं काम, आणि तेही करताना मागं वळून बघायची हिंमत झाली नाही.

आता एक सांग. चिउलान तुझ्या दुकानावर राहत नाही असं लिहितेस. मग कुठं राहते? खोली कुणाची? दाराला आतून कडी आहे का? साधी कडी उपयोगाची नाही, आडणा हवा. मला नक्की पत्ता कळव.

तुझा,
दादा


ह्वालिएन, २५ मार्च

दादा,

पत्ता कळवणार नाही.

रागावलास? रागाव. तुझ्या पोटात भात राहतो, गोष्ट राहत नाही. आई असताना तिच्या दुखण्याचं कुणाला सांगू नको म्हटलं होतं, तर तू आधी न्हाव्याला सांगून आलास.

आमच्या गल्लीतल्या बायकांनी मार खाऊन आलेल्यांना लपवायची ही कामं सुरू करून बरीच वर्षं झाली आणि आमचा एकच नियम आहे. जिला भाजी पोचवायची तिला जिना माहीत. जिला पोरीला शाळेत न्यायचं तिला शाळा माहीत. मासळीवाली लिएनताई बाजारात अनोळखी माणसावर डोळा ठेवते, तिला एवढंच माहीत की कुणावर ठेवायचा. बाकी सगळं कुणालाच माहीत नाही, मला सोडून. यात कुणावर अविश्वास नाही. ज्याला माहीत नाही त्याच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही, एवढंच.

चिउलान पहाटे माझ्या न्याहारीच्या दुकानात पीठ मळायला येते. पहिल्या आठवड्यात संडासला जायचं तरी विचारायची, "मावशी, मी जाऊन येऊ का?" एकदा लिएनताईनं ऐकलं. म्हणाली, "अगं, इथं असलं काही विचारायचं नसतं. मला तर माझं पोटही विचारत नाही!" चिउलान हसली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून विचारायची थांबली. रस्त्यावर मोटारसायकल थांबली की मात्र पिठातले हात तसेच राहतात.

सरकारी खात्यातली एक मुलगी येऊन गेली. नवरा जवळ फिरकू नये असा कोर्टाचा हुकूम मिळेल म्हणते, पण वेळ लागेल. तोवर तोंड बंद. तुझंही.

मेइयिन


हायवेई, ३१ मार्च

प्रिय मेइयिन,

न्हाव्याला सांगितलं ते आईच्या काळजीनं, हे तुला कधी कळणार?

इथली हवा बरी नाही. चिनफा रोज दुकानात येतो. कधी रडतो, "काका, तुम्ही वडिलांच्या जागी, तुम्हीच तिला समजवा." घटकाभरानं तोच माणूस म्हणतो, "सापडू दे फक्त." परवा त्यानं वडलांची जुनी मोटारसायकल दुरुस्तीला टाकली. मी विचारलं, कशाला रे? म्हणाला, "बेट फार मोठं नाहीये काका." माझा जीव तेव्हापासून टांगणीला लागलाय. झोपलो की वाटतं कुणीतरी जिना चढतंय, आणि आपल्याकडे तर जिना पण नाही.

त्याची आई, होंग वहिनी, मीठ घ्यायला येते आणि माझ्याकडे बघून न बोलता जाते. तिला सगळं ठाऊक असावं. गेल्या वर्षी घरात मारहाण सुरू झाली की ही बाई टीव्हीचा आवाज मोठा करायची, सगळ्या गल्लीला ऐकू जायचा. तिचा नवरा माझा मित्र होता म्हणून वहिनी म्हणतो, पण तो आवाज मी विसरलेलो नाही. आमान तर तिच्याशी बोलणंच टाकून बसलीय.

मेइयिन, मला पत्ता दे. मला एक काम करायचं आहे, चांगलं काम आहे, आणि पत्त्याशिवाय ते होणार नाही. उद्या कोर्टाचा माणूस इथं चौकशीला आला तर गावात एका तरी माणसाला माहीत नको का? मला काही झालं तर? तू म्हणशील तुला काय होतंय. छातीत धडधडतं, ते होतंय. झोप नाही.

तुझा,
दादा


ह्वालिएन, ६ एप्रिल

दादा,

बरं बाबा, घे.

खात्यातल्या मुलीला मी विचारलं. ती म्हणाली, मारहाणीचा साक्षीदार म्हणून गावातला एखादा विश्वासू माणूस लागेल, त्याला कळलं तर चालेल. चिउलानलाही विचारलं. ती म्हणाली, "त्सायकाकांना सांगा. त्यांनी त्या दिवशी एकदासुद्धा मागं वळून पाहिलं नाही." तू घाबरून पाहिलं नाहीस हे मी तिला सांगितलं नाही.

पाणीपुलाची गल्ली, घर क्रमांक अकरा, मागचा जिना, तिसरा मजला. वाच आणि चुलीत टाक.

आणि झोप जरा. काल चिउलाननं आपणहून रेडिओ लावला, आवाज मोठा ठेवला. खालचा म्हातारा तक्रार करायला आला, तर त्याला म्हणाली, "गाणं संपलं की कमी करते." संपलं की म्हणाली बरं का, लगेच नाही! मी जिन्यात उभी राहून ऐकत होते.

मेइयिन


हायवेई, १७ एप्रिल

प्रिय मेइयिन,

काल पहिल्यांदा मला शांत झोप लागली. आता तुला सांगायला हरकत नाही.

तुझा कागद मी त्याच दिवशी चुलीत टाकला, पण त्याआधी पाठ केला. सायकल चालवताना म्हणायचो, पाणीपुलाची गल्ली, अकरा, मागचा जिना, तिसरा मजला. चिउलानचा जन्म वराहवर्षातला, यंदाचं वर्ष सर्पाचं. दोघांचं वाकडं आहे हे लहान मुलालाही कळतं. असल्या वर्षी माणसासाठी माजू देवीपुढं गाऱ्हाणं घालावंच लागतं, आणि तिच्यासाठी ते कोण घालणार? माहेर नाही, सासर असं. मग मीच घालणार होतो, फक्त पत्ता नव्हता. नाव आणि जन्मतारीख सांगून देवी कुठं शोधणार? चिउलान नावाच्या बायका गल्लोगल्ली आहेत. पत्ता चुकला तर आशीर्वाद दुसऱ्याच कुणाच्या घरात जाऊन बसायचा.

काल देवीचा वाढदिवस. ताशे, फटाके, तीन गावांची माणसं. मी तांदूळ, संत्री आणि नवीन लाल कापड नेलं होतं. ढोल इतका वाजत होता की माझं मलाच ऐकू येईना, म्हणून मोठ्यानं सांगितलं. नाव, जन्मवर्ष, आणि पत्ता दोनदा, मजल्यासकट. मागचा जिना हे मुद्दाम सांगितलं, नाहीतर देवी पुढच्या दारानं जायची. मग कौल लावायच्या लाकडी चंद्रकोरी टाकल्या. एक उलटी, एक सुलटी. पहिल्याच फेकीत! म्हणजे तिनं ऐकलं.

माझ्या मागंच होंग वहिनी उभी होती. मला उदबत्ती पेटवता येईना, तर तिनं स्वतःची काडी पुढं केली. कधी नव्हे ते बरी वागली. देवीच्या दारात माणसं बदलतात.

आता काळजी सोड. मी सोडलीय.

तुझा,
दादा


ह्वालिएन, २० एप्रिल

दादा,

तुझं पत्र दुकानात गिऱ्हाइकांसमोर वाचलं. हातातला दुधाचा पेला तिथंच पडला.

तुझ्या मागं कोण उभं होतं, हे तूच लिहिलंयस. परत वाच.

तासाभरात सगळं हलवलं. लिएनताई मासळीच्या गाडीतून चटया घेऊन गेली. पोरीला शाळेतून मधल्या सुट्टीत काढलं, तिला इथं नुकती एक मैत्रीण मिळाली होती. कुठं हलवलं ते लिहिणार नाही आणि तू विचारणार नाहीस. मीही काही दिवस दुकान बंद ठेवतेय, कारण माझं दुकान आणि ती खोली यांत फार अंतर नाही. पत्रं शेजारीण माझ्याकडे पोचवेल.

मी रडत होते, आणि चिउलान मात्र पिशवी भरत होती. किती पटकन भरते दादा ती आता! काय घ्यायचं, काय सोडायचं, विचारच करत नाही. रेडिओ सोडला. मी म्हटलं, घे ना, तर म्हणाली, "जड होतो." मग जाताना म्हणाली, "काकांना शिव्या देऊ नका. माझ्यासाठी देवीपुढं कुणी इतक्या मोठ्यानं बोललं नव्हतं." पण मी देणार आहे. भेटशील तेव्हा देणार आहे.

आता तू कुणाशी एक अवाक्षर बोलू नकोस. ती हलली आहे हेसुद्धा नाही. त्यांना तोच पत्ता खरा वाटू दे. फक्त एवढं शोध, वहिनीनं पोराला सांगितलं का.

मेइयिन


हायवेई, २५ एप्रिल

प्रिय मेइयिन,

जलद टपालानं पाठवतोय. आधी सगळं वाच, मग शिव्या दे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. चिनफाची मोटारसायकल दुरुस्त होऊन दारात उभी होती. तो खाडीवर गेल्याचं बघून मी मागच्या अंगणातून वहिनीकडे गेलो. ती एकटीच कालवं फोडत बसली होती. हल्ली तिला शेडमध्ये कुणी जागा देत नाही, म्हणून घरीच फोडते.

म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी देवळात तुम्ही माझ्या मागं होतात."

"होते."

"मी काय बोललो ते ऐकलंत?"

"भाऊजी, तुम्ही बोलला नाहीत, ओरडलात. ढोलवाल्यानं सुद्धा ठेका चुकवला."

"मग चिनफाला..."

तिनं एक कालव फोडलं, दुसरं घेतलं. "त्यानं मला विचारलं नाही. तो मला काही विचारत नाही, सांगतो." आणि बाही वर सारली. दंड कोपरापासून वर निळा, मध्ये मध्ये पिवळा. "हे त्यानं सांगितलेलं."

मग तीच म्हणाली, "सून होती तेव्हा मी टीव्हीचा आवाज मोठा करायचे. तुम्हाला ठाऊक आहे, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. आता माझ्या वेळेला कुणी करायचा?"

मेइयिन, मी त्या बाईला मनात काय काय म्हणत होतो. आणि तिनं सुरी खाली ठेवून मला विचारलं, "तिसरा मजला म्हणालात ना? मागचा जिना अवघड आहे का हो?"

माझ्या ओठांवर आलं होतं की वहिनी, तिथं आता कुणी नाही. पण तू सांगितलं होतंस, एक अवाक्षर नको. तिला त्यानंच पाठवलं असेल तर? आईला गोड बोलून पुढं घालायचं आणि आपण मागं राहायचं, असं नसेल कशावरून? म्हणून "मला काही माहीत नाही," म्हणालो आणि चालू लागलो. तिनं मागून हाक मारली नाही.

काल पहाटेच्या बसनं ती गेली. आमाननं पाहिलं, थांब्यावर कालवांची बादली घेऊन उभी होती, बाजाराला निघाल्यासारखी. आमान म्हणाली, बस गेल्यावर बादली तिथंच राहिली होती, भरलेली.

चिनफा सकाळपासून माझ्या दुकानात बसलाय, फोनच्या शेजारच्या स्टुलावर. मी हे मागच्या खोलीत लिहितोय. "काका, आई कुठं गेली?" म्हणून विचारतो. मी म्हटलं, "मला काय ठाऊक." कान लाल झाले असणार. तेवढ्यात आमान तेल घ्यायला आली आणि त्याला म्हणाली, "मावशीकडे गेली असेल! रोज तुझं तोंड बघून माणूस चार दिवस हवापालटाला जाणार नाही का?" मग शेडमधल्या सगळ्याजणी एकामागून एक काहीतरी घ्यायला आल्या. कुणाला काड्या, कुणाला मीठ. कुणाला काही नकोच होतं. जी आली ती तिथंच रेंगाळली. वहिनीशी गेलं वर्षभर एक शब्द न बोललेल्या बायका! मोटारसायकलीसमोर आमाननं माझी तीनचाकी आडवी लावून ठेवलीय आणि किल्ली हरवली म्हणते. तीनचाकीला किल्लीच नसते, हे त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही. पण किती वेळ येणार नाही?

देवळाजवळच्या फोनवरून तुला दोनदा लावला. नुसती घंटी वाजत राहते. दुकान बंद आहे हे ठाऊक असूनही पुन्हा लावला, तरी तेच.

ती खरं बोलली का, मला सांगता येत नाही. दंड खरा होता. पण ती स्वतःसाठी गेली, का नातीला बघायला, का सुनेला परत आणायला, हे दंडावरून कळत नाही. मला वाटतं, ती स्वतःसाठी गेली. पण मला तर चिनफासुद्धा लहानपणी गुणी वाटायचा, तेव्हा माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस.

तू एवढं कर. हे पत्र हातात पडताच पाणीपुलाच्या गल्लीत कुणाला तरी पाठव. पुढच्या दारानं नको, मागच्या जिन्यानं. तिथं कुलूप लावलेल्या दारासमोर एक म्हातारी बसली असेल. ती पत्ता कुणाला विचारणार नाही, दुसरीकडे कुठं जाणार नाही, कारण तिच्याकडे तेवढा एकच पत्ता आहे, आणि तो मी दिलेला आहे. आधी लिएनताईला गल्लीच्या तोंडाशी उभी राहून बघू दे, मागं कुणी आहे का. नसेल तर वहिनीला कुठंतरी टेकू दे, काही गरम प्यायला द्या.

चिउलानकडे न्यायचं की नाही, ते फक्त चिउलानला विचार. ती नाही म्हणाली तर तेच बरोबर. बंद दाराआड मार खाल्ला तिनं, दार उघडायचं की नाही तीच ठरवेल. मी तिच्या बाजूनं काही बोलणार नाही, वहिनीच्याही नाही. पण त्या म्हातारीला जिन्यावर ठेवू नका.

उत्तर माझ्या नावानं नको, आमानच्या नावानं टाक. लांबलचक लिहू नकोस, शिव्या नंतर दे. ती तिथं होती का, आणि एकटी होती का, एवढंच लिही. मेइयिन, पण आजच्या आज लिही.

तुझा,
दादा